अर्धी तेलाची, अर्धी डबीची

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते गाडीच्या पोटाखाली. पावसाच्या आधी जीपला खालून जळकं तेल फासायचं, हे आमचं दर वर्षाचं. इंजिनातून काढलेलं काळं तेल आणि जुन्या लुगड्याचा बोळा. आमच्या खाडीकडच्या रस्त्यावर उधाणाचं खारं पाणी येतं. फोर बाय फोर गाडी चिखलाला भीत नाही, पण मिठाला काय करणार?

त्या वेळी मी बॅटरीला एक डबी लावून आणली होती. बारकीशी, तांबडा दिवा, दोन वायरी. दुकानदार म्हणाला, बॉडीतून करंट फिरतो, गंज धरतच नाही. मला लगेच पटलं. जन्मभर रेतीच्या बोटीवर काम केलं. लोखंडी बोटीच्या बुडाला जस्ताच्या लाद्या मारतात. लाद्या झिजतात, बूड शाबूत राहतं. डोळ्यांनी बघितलेलं. ही डबी म्हणजे तेच, फक्त विजेवरचं.

"अवो, बोट पान्यात असते," ती म्हणाली. "गाडी काय खाडीत उभी करनार हाव?"

"तुला काय कळतंय? तेल बंद आता."

"तुमच्या बाजूचं बंद. डावीकडं मी बसते, ती बाजू माझी. मी तेल लावनार. बघू कोन जिंकतं."

"मी जिंकलो तर?"

"तर रोज त्या डबीला हळदकुंकू वाहीन!"

आणि बाई खरंच आडवी झाली. कोपरापर्यंत काळी. मी शेजारी पडून नुसता हसत होतो. उजव्या बाजूला बोटभर तेल लागू दिलं नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. बसल्या जागी. काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही.

पाऊसभर मी गाडीकडे गेलो नाही, पोरगाच ती खाऱ्या पाण्यातून फिरवत होता. दसऱ्याला पोराने पूजा केली आणि म्हणाला, "बाबा, ही शेवटची. खालून सडली असंल. उद्या भंगारवाल्याला बोलवतो."

तिच्या हातचं शेवटचं काम त्या गाडीला चिकटलेलं.

"आधी बघू तर दे," म्हणालो आणि हातोडी घेऊन खाली सरपटलो.

पहिल्यांदा उजवी बाजू ठोकली. धप्प! पापुद्रे तोंडावर पडले. बोट घातलं तर आरपार. वर डबीचा दिवा तांबडा, मस्त चालू! पाण्यात बोटीला चारी बाजूंनी पाणी असतं, करंट फिरायला वाट असते. गाडीखाली नुसती हवा. फिरणार कुठून? एवढी साधी गोष्ट तिने उभ्या उभ्या सांगितली होती.

मग डावीकडे सरकलो. तेलाचा थर बोटाने खरवडला. खाली लोखंड जसंच्या तसं. हातोडी मारली. ठण्ण! पुढे मारली. ठण्ण! मागच्या चाकापर्यंत ठण्ण ठण्ण! मी गाडीखालीच ओरडलो, "जिंकली! जिंकली!"

पोरगा धावत आला. "काय झालं? लागलं काय?"

"तुझी आई जिंकली!"

आयुष्यात हरून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. हसत होतो, डोळ्यांतून पाणी, त्यात गंजाची माती. सगळा चिखल झाला.

पोरगा वाकून बघत म्हणाला, "पण उजवी गेली ना? भंगारच की."

"अर्धा तर मी पण सडलोय. मला पण देतोस काय?"

तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गाडी चालवत वडप्याला वेल्डिंगवाल्याकडे नेली. उजवी बाजू कापून नवीन पट्टी मारायला सांगितली. तो खाली वाकला आणि म्हणाला, "चाचा, लेफ्टवाला साइड भी साफ करके पेंट मार दूँ?"

"हात नाही लगाने का," मी म्हणालो. "वो मेरी घरवाली का है."

पट्टी थंड होईपर्यंत थांबलो. मग त्याच्याकडूनच डबाभर जळकं तेल घेतलं, सदरा काढून ठेवला आणि उजव्या बाजूखाली आडवा झालो.