शेवाळाच्या खोलीची ओळ

विद्यापीठाच्या वित्त विभागात त्यांना सगळे तक्तेबाई म्हणत. अंदाजपत्रकाचे तक्ते एकवीस वर्षं त्याच करत होत्या. वित्त अधिकारी बदलत; नवा आला की चार महिने बाईंकडून शिके आणि पाचव्या महिन्यापासून बाईंनाच शिकवू लागे. बाईंची त्यावर तक्रार नसे. नवरा चिडवायचा, विद्यापीठ चालवतेस तू आणि गाडी मिळते साहेबांना.

त्या वर्षी सरकारी अनुदान बारा टक्क्यांनी घटल्याचं पत्र आलं. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल यांना हात लावता येत नव्हता. म्हणजे उरलेला खर्च जवळजवळ निम्म्यावर आणायचा. साहेबांनी तक्ता बाईंच्या टेबलावर ठेवला आणि कुठे कात्री लावता येईल ते बघायला सांगितलं.

साडेतीनशे ओळी होत्या. बाईंनी या खेपेला एक वेगळंच केलं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या एकेका विभागात जाऊन प्रत्यक्ष बघू लागल्या. अशाच एका दुपारी वनस्पतिशास्त्राच्या तळघरात त्यांना शेवाळकाका भेटले.

काका तिथले तंत्रज्ञ. सहाशे जातींचं जिवंत शेवाळ काचेच्या नळ्यांत ते तीस वर्षं सांभाळत होते. महिन्यातून एकदा प्रत्येक नळीतला थेंब नव्या नळीत घालायचा आणि खोली बारा महिने थंड ठेवायची. त्यासाठी दोन वातानुकूलन यंत्रं पाळीपाळीने चालत. त्यांच्या देखभालीचा करार म्हणजेच बाईंच्या तक्त्यातली एक ओळ.

काकांनी एक नळी उजेडात धरली. "हे ज्या तळ्यातलं आहे ना बाई, तिथे आता बस आगार झालंय. हे फक्त इथेच उरलंय."

"मी बघते," बाई म्हणाल्या, आणि जिना चढताना त्यांनी जीभ चावली. त्यांच्या हातात काय होतं?

तरी त्यांनी दीड पानाची टिपणी लिहिली. नोकरीतली पहिलीच. साहेबांनी ती वाचली, छान आहे म्हणाले आणि फायलीत सगळ्यात खाली सरकवून ठेवली.

बैठकीत बाई भिंतीकडेच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसल्या. टेबलाभोवती अधिष्ठाते होते. जो तो आपापलं पदरात पाडून घेत होता. कुणी संगणक वाचवले, कुणी परिषद. वनस्पतिशास्त्राचे प्रमुख परदेशी दौऱ्यावर होते. कुलगुरूंचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"शेवाळ कक्ष, देखभाल? हे काय?"

"पाण्याच्या टाक्यांतलं शेवाळ काढत असतील," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

बाई उभ्या राहिल्या. "सर, काढायचं नाही. जपायचं आहे."

साहेबांनी मान वळवली. "बाई, नंतर."

बाई बसल्या. कुलगुरूंनी पुढच्या वर्षी बघू म्हणत पान उलटलं. संध्याकाळी बाईंनी आपल्याच हाताने त्या ओळीपुढे शून्य टाकलं.

उन्हाळ्यात एक यंत्र बंद पडलं. दुसरं अकरा दिवस अहोरात्र चाललं आणि तेही थांबलं. करार नसल्याने कंपनीचा माणूस यायला तयार होईना. काकांचा फोन आला तशा बाई आकस्मिक खर्चाची फाइल घेऊन धावल्या. तीन सह्या लागत होत्या. दोन मिळाल्या. तिसऱ्या सहीचे कुलसचिव बाहेरगावी होते आणि त्यांच्या अधिकारात सही करायला दुसरं कुणी धजेना. बाईंचा नवरा शेजाऱ्याच्या टेम्पोतून बर्फाच्या लाद्या घेऊन आला. काकांनी घरचे दोन पंखे आणले. तिघं मिळून तीन दिवस त्या खोलीशी झटत राहिले. चौथ्या दिवशी नळ्यांतला हिरवा रंग पांढुरका पडू लागला. सही पाचव्या दिवशी झाली.

सहाशेपैकी एकेचाळीस जाती वाचल्या. बस आगाराखालच्या तळ्यातली त्यांत नव्हती.

काकांनी आरडाओरडा केला नाही. नळ्या धुता धुता एवढंच विचारलं, "ती ओळ तुम्हीच खोडली का?"

"हो. मीच."

"तुम्ही नसती खोडली तर दुसऱ्या कुणी खोडली असती," काका म्हणाले. त्यांनी समजूत घातली होती, पण बाईंना ते बोलणं जास्त लागलं.

पुढच्या वर्षी बाईंनी त्या ओळीपुढे पुन्हा रक्कम लिहिली. एकेचाळीस नळ्यांना खोली कशाला, शीतकपाट पुरे, असं ठरलं आणि ओळ तक्त्यातूनच गेली. काकांची बदली परीक्षा विभागात झाली. तिथे ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतात. जेवायच्या वेळी दोघं कधी एकाच बाकावर बसतात आणि मुलांच्या लग्नांबद्दल बोलतात.

बाईंनी वसतिगृह विभागात बदली मागितली होती. अर्जावर साहेबांनी आपल्या हाताने शेरा मारला की अनुभवी कर्मचारी असल्याने सोडता येणार नाही. वर बोलावून म्हणाले, "तुम्ही गेलात तर हे सगळं कोण करणार, बाई?"

यंदाची कपात नऊ टक्के आहे. तक्ता आजच टेबलावर आलाय.