बाकावरच्या बाई

निवृत्तीनंतर मी लहान लहान स्टेशनं बघत हिंडतो. पाणी, सावली, स्वच्छता कशी आहे ते वहीत लिहितो. परवा अशाच एका स्टेशनच्या बाकावर एक बाई मटार सोलत बसल्या होत्या.

"कुठली गाडी पकडायचीय?" मी विचारलं.

"गाडी नाही हो. आमचे हे इथे झेंडा दाखवतात. त्यांची ड्यूटी सुटेपर्यंत बसते. घरी करमत नाही."

तेवढ्यात पलीकडून त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, जरा सावलीत सरक."

मला त्या माणसाचा भयंकर हेवा वाटला. आजवर इतक्या स्टेशनांवर उतरलो, पण माझ्यासाठी कुणी कुठे थांबलेलं नव्हतं. परतीच्या गाडीत बसल्यावर मी लिहिलं, 'इथे बघण्यासारखं काही नाही.'