फोर्टी सेव्हनचे चौऱ्याहत्तर

गणितात खडूबाईंचा हात कुणी धरावा? अकरा वर्षं पाचवीला शिकवून बाह्या कायमच्या पांढऱ्या झालेल्या, म्हणून मुलांनी ठेवलेलं ते नाव. यंदा शाळेत गणित इंग्रजीतून सुरू झालं, तेव्हाही बाईंनी कंबर कसली. ज्यांना जमलं त्यांना जमलं. तीन मुलांना जमेना, त्यांना महिन्यापूर्वी बाईंनीच चौथीत परत पाठवलं. आता पाळी होती शिंप्याच्या मुलीची. तोंडी गणितात दर आठवड्याला दहापैकी शून्य, तेही न चुकता! बाईंनी वैतागून तिलाही चौथीत पाठवायच्या कागदावर सही केली आणि तो मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिंपी हातातलं काम टाकून आला. "बाई, दुकानातली सगळी मापं तीच मांडते हो. एक कापड वाया गेलं नाही आजवर."

"बरं, तुमच्यासमोरच बघू," म्हणत बाईंनी मुलीला जवळ बसवलं. "लिही. फोर्टी सेव्हन प्लस ट्वेंटी फाइव्ह."

मुलीनं आधी चार लिहिला. मग त्याच्या डावीकडे सात.

"थांब, थांब! असं उलटं काय लिहितेस?"

"उलटं कुठं, बाई? सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतात, ते आपण उजवीकडे लिहितो. मग चाळीसचे चार डावीकडे. तुम्ही फोर्टी आधी म्हणालात, म्हणून चार उजवीकडे."

बाईंनी वही ओढून घेतली. वहीत ७४ अधिक ५२ होते आणि खाली उत्तर होतं १२६. बरोबर! त्यांनी घाईघाईनं मागची पानं उलटली. लाल फुल्यांखालची एकेक बेरीज बरोबर होती. अकरा वर्षांत त्यांनी उत्तरं तपासली, पण लिहिणारा हात एकदाही बघितला नव्हता.

"अरे देवा, काय करून बसले मी!" बाई धावतच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. कागद अजून टेबलावरच होता. त्यांनी तो फाडला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पण परत येताना चौथीच्या दाराशी त्यांचे पाय थबकले. शेवटच्या बाकावर ती तिघं खाली मान घालून बसली होती. बाई आत गेल्या.

"लिहा बाळांनो. थर्टी टू."

तिघांनीही आधी तीन लिहिला, आणि मग त्याच्या डावीकडे दोन.