गुरुवारचा टँकर

हसणार नसाल तर सांगतो. हसणार आहात हे माहीत आहे, तरी सांगतो. कारण स्नेहाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

स्नेहाला, म्हणजे माझ्या बायकोला, पाण्यात बाळंत व्हायचं होतं. सातव्या महिन्यापासून तिने तेच मनात धरलेलं. आणि मी? मला पोहता येत नाही. भरलेल्या बादलीशीसुद्धा मी जपून वागतो. "बाळ बुडणार नाही ना?" हे मी डॉक्टरबाईंना इतक्यांदा विचारलं की शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, बाळाला लगेच वर घेतो आम्ही. आणि जरा जरी वेगळं वाटलं तर यांना टबातून बाहेर काढू. तुम्ही फक्त शांत राहा."

तेवढं एकच काम मला दिलं होतं.

कळा सुरू झाल्या त्या गुरुवारी सकाळी. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते गुरुवारीच, आणि नेमकं त्या गुरुवारी अख्ख्या हडपसरचं बंद. टब भरणार कशाने? अर्धा भरला आणि नळ गेला तर? स्नेहा बॅग भरत होती तेवढ्यात मी गॅलरीत जाऊन टँकरवाल्याला फोन केला. दहा हजार लिटर. टब केवढा असतो हे मला कुठे ठाऊक? वर बजावलं, "हॉस्पिटलच्या दारातच उभा करा. मी येईपर्यंत हलायचं नाही."

हॉस्पिटलच्या गल्लीच्या तोंडाशी आमची रिक्षा थांबली, ती थांबलीच. पुढे गाड्यांची रांग. कळ आली की स्नेहा माझं मनगट पिळायची. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो. आता भीती पाण्याची नव्हती. रिक्षातच काही झालं तर?

रिक्षावाला पुढे जाऊन बघून आला. "टँकर हाय आडवा. डायवर म्हनतोय, ज्यांनी मागवलाय ते सायेब आल्याबिगर हलनार न्हाई."

"कोण शहाणा आहे तो?" स्नेहा दात आवळून म्हणाली.

मी मीटरकडे बघत बसलो.

"सुजित."

"हं."

"तू?"

ती उतरली आणि गाड्यांमधून वाट काढत चालायला लागली. मागून मी, बॅग घेऊन. टँकरपाशी पोहोचलो तर ड्रायव्हर अदबीने विचारतो, "साहेब, पाइप कुठं सोडू?"

दारात डॉक्टरबाई उभ्या. "अहो, आमच्या टाक्या भरलेल्या असतात. गुरुवार आम्हाला नवीन आहे का?"

पण टब पेशंट आल्यावरच भरतात. कोमट पाण्याने भरायला अर्धा तास लागतो, आणि आमचा अर्धा तास रिक्षात गेला होता. बाळ काही थांबायला तयार नव्हतं.

मुलगी झाली. साध्या, कोरड्या खाटेवर. ती रडली आणि तिच्यापेक्षा जास्त मी रडलो. स्नेहा तिला छातीशी घेऊन हसत होती, माझ्याकडे मात्र बघत नव्हती.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. "पाण्यात प्रसूती ठरली होती, ती झाली नाही. कारण काय लिहू, मॅडम?"

डॉक्टरबाई विचार करत होत्या. त्यांच्याआधी स्नेहाच बोलली.

"लिहा, नवरा."