लाल बिनमधलं जनुक

चाकणच्या गिअरच्या कारखान्यात मी सहा वर्षं क्वालिटीला होतो. नग मापाच्या गेजमध्ये बसला तर माल, नाही तर रिजेक्टचं लाल बिन. पुढे संगणक शिकून ताथवड्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत जिवाणूंची जनुकं शोधायला लागलो, पण हात तोच राहिला. जिवाणूचा जीनोम म्हणजे लाखो अक्षरांची सलग ओळ. त्यात जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. आखूड तुकडे बऱ्याचदा खोटे निघतात, म्हणून मी परस्पर ठरवून टाकलं, तीनशे अक्षरांच्या आतलं सगळं रिजेक्ट.

दिघीच्या जुन्या शेतकरी घरातली एक सहकारी होती. मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवातून, सडक्या कूलंटमधून तिने एक जिवाणू वेगळा केला होता. काचेच्या ताटलीत तो आजूबाजूचे जिवाणू मारायचा, भोवती स्वच्छ वर्तुळ उमटायचं. कूलंट सडू नये म्हणून तो वापरता येईल, असं तिचं म्हणणं. साहेब म्हणाले, मारणाऱ्या पदार्थाचं जनुक दाखवा, नाही तर शुक्रवारी प्रकल्प बंद. तिचे आठ महिने त्यात गेले होते.

त्या जिवाणूच्या जनुकांच्या माझ्या यादीत तसलं काही नव्हतं. तसं मी लिहून दिलंच, वर ताटलीत नजर कशी फसते यावर तिला वीसेक मिनिटं व्याख्यानही दिलं. तिने ऐकून घेतलं आणि ऑफिसची भाषा बाजूला ठेवून म्हणाली, "सर, ताटलीत दिसतंय ते खोटं हाय, आन् तुमची यादी खरी व्हय? टाकून काय काय दिलं ते दावा की."

दाखवायला काही ठेवलंच नव्हतं. कारखान्यात लाल बिनमधल्या प्रत्येक नगाला टॅग लागतो, तो पुन्हा तपासला जातो. त्या शिस्तीतलं फेकणं तेवढं मी सोबत आणलं होतं.

मर्यादा खाली आणून पुन्हा चालवलं. चहा गार व्हायच्या आत आखूड तुकड्यांचा ढीग आला, बहुतेक भंगार. त्यात एक होतं दीडशे अक्षरांचं, आणि त्याला लागूनच, मारणारे पदार्थ पेशीबाहेर टाकणाऱ्या पंपाचं लांबलचक जनुक. पंप माझ्या यादीत पहिल्यापासून होता. तो कशासाठी, हा प्रश्न मला पडला नव्हता.

साहेबांसाठी मी मसुदा केला, 'लांबीच्या निकषात सुधारणा'. तिने वाचला. "निकष कुणी लावला, तेही लिहा." लिहिलं.

ते जनुक काढल्यावर वर्तुळ जातं का, हे बघायला तिला मुदत मिळाली. गेलं. प्रकल्प राहिला. हल्ली मी यादी दिली की ती आधी रिजेक्टची फाइल उघडते. यादी नंतर, सवड झाली तर.