प्रभावतीनं वाचलेली बातमी

परभणी जिल्ह्यातल्या वालूरपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातले दिनकरराव मास्तर आपल्या मुलीला हैदराबादला शिकायला धाडणार, हे ऐकून गावानं तोंडात बोटं घातली. पोर मॅट्रिक झाली हेच अति झालं होतं.

"मास्तर, पोरीला वकील करायलाव का काय?" बन्सीधर शेठनं दुकानातूनच विचारलं.

"ती काय व्हायची ते होईल," मास्तर म्हणाले. "तिचं बोलणं माणसाला पटतं, एवढं मला माहीत हाय."

१९४३ साली प्रभावती आत्याकडे राहून विद्यापीठाच्या मुलींच्या कॉलेजात शिकू लागली. तिथं सगळं उर्दूतून. पहिले सहा महिने ती वर्गात नुसती घाम पुसत बसायची. पण मराठीच्या सरांनी तिचा कान ओळखला. ते उर्दू मजकूर हातात देत आणि म्हणत, "आता हेच तुमच्या गावच्या पाणवठ्यावर सांगा." इतर मुली शब्दाला शब्द जोडत. प्रभावती डोळे मिटी आणि गावच्या बहिऱ्या सुईणीला, धुरपताबाईला, सांगतेय असं धरून बोले. धुरपताबाईला कळलं की सगळ्यांना कळलं.

"या विद्येवर शाळेत जागा मिळेल, तर्जुम्याच्या, म्हणजे भाषांतराच्या, खात्यात मिळेल, वर्तमानपत्रात मिळेल," सर सांगत. "आणि आता रेडिओही आलाय. नीट बोलणाऱ्या माणसाला पुढं मरण नाही."

बी.ए. झाल्यावर प्रभावती निजाम सरकारच्या रेडिओवर लागली. उर्दू बातम्यांचं मराठी करायचं आणि संध्याकाळी वाचायचं. गावात बन्सीधर शेठकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. त्याच्या ओट्यावर सगळं गाव जमे, आणि आई पार्वतीबाई आवाज ऐकताच पदर सावरून बसे, लेक समोर आल्यागत.

१९४८ च्या पावसाळ्यात मुलखाचे दिवस फिरले. निजामाच्या बाजूनं हत्यारं घेतलेले रझाकार खेड्यांवर चालून येऊ लागले. वडिलांचं पत्र आलं: 'शेजारचं गाव जळालं. आम्ही सगळे रविवारी रात्री गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडं लोणारला निघतो. काळजी करू नको.'

त्याच रविवारी रेडिओच्या साहेबानं तिच्या हातात कागद ठेवला. परभणी जिल्ह्यात पूर्ण अमन आहे, रयतेनं अफवांवर भरोसा ठेवून स्थलांतर करू नये, असा मजकूर होता.

"साहेब, हे खरं नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं पत्र आहे."

"तुम्हाला तर्जुमा करायला ठेवलंय, चौकशी करायला नाही. आणि असली पत्रं दाखवत फिरू नका. वडील कुठं राहतात हे इथं लिहिलेलं आहे."

ती जागेवर येऊन बसली. उठून जाता आलं असतं. तिला वडिलांच्या जिवाची भीती वाटली, हे खरं. पण नोकरीचीही वाटली. शिवाय, गाड्या भरलेल्या आहेत, सरकारी बातमीवर कोण थांबतंय, असंही तिनं स्वतःला समजावलं. मग लेखणी उचलली, आणि सवयीनं हात शिकवल्यासारखा चालला. 'स्थलांतर करू नये' खोडून तिनं लिहिलं: 'आपलं घर सोडू नका. कुणी काही सांगितलं तरी भिऊ नका.'

संध्याकाळी बातमी वाचून झाल्यावर साहेब म्हणाला, "वाहवा! याला म्हणतात जबान."

नवव्या दिवशी गावचा आश्रुबा कोतवाल आत्याच्या दारात येऊन उभा राहिला. दंडाला मळकं फडकं बांधलेलं. त्यानं पाणी घेतलं नाही.

"अक्का, गाड्या जुपल्या व्हत्या," तो म्हणाला. "तुमचा आवाज आला. मास्तर म्हणले, माझी पोर सांगायलीय, सोडा बैलं. बुधवारी ते लोक आले. अकरा माणसं गेली. मास्तर साळंच्या दारातच पडले."

"आई?"

"हाय. लोणारच्या छावणीत नेऊन सोडली."

प्रभावती दुसऱ्या दिवशी रेडिओवर गेली नाही. आश्रुबासोबत रेल्वेनं, मग बैलगाडीनं, मग पायी चिखल तुडवत ती लोणारला पोचली. छावणीत आई तट्ट्याच्या आडोशाला बसली होती. तिनं लेकीचा चेहरा चाचपला, रडली नाही.

"एकच सांग," आई म्हणाली. "तू वाचलंस ते तुला खरं वाटलं होतं का गं?"

हो म्हणता आलं असतं. आईला तेच ऐकायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"न्हाई," प्रभावती म्हणाली.

आईनं हात काढून घेतला. आठ दिवस ती लेकीशी बोलली नाही.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामी संपली. लोक गावाकडे परतले. रेडिओकडून नव्या साहेबाची चिठ्ठी आली, परत रुजू व्हा म्हणून. तिनं ती फाडली. आणि एका सकाळी, कुणी सांगितलं नसताना, ती गेलेल्या माणसांच्या घरांकडे निघाली. प्रत्येक दारात उभी राहून एकच सांगायची: "ती बातमी खोटी हाय हे मला माहीत होतं. तरी मी वाचली."

मारल्या गेलेल्या मुंजाजी पाटलाच्या म्हाताऱ्या बापानं ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. एका बाईनं शेणाचा हात तसाच उगारला. तानुबाईचा नवरा आणि दीर दोघेही गेले होते. तिनं सगळं ऐकलं आणि आतून कडी घातली.

प्रभावती तिच्या पायरीवर दिवस मावळेपर्यंत बसली. कडी निघाली नाही. अजून चार घरं राहिली होती. ती उठली आणि पुढच्या दाराकडे चालू लागली.