सरांच्या पुस्तकातलं आमचं घर

सरांचं पुस्तक टपालाने आलं तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. पाकीट फोडलं आणि पुस्तक कपाळाला लावलं. सरांनी मला धामणगाव रेल्वेच्या शाळेत मराठी शिकवलं, दहावीनंतर अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला, वसतिगृहासाठी माझ्यासोबत सरकारी कार्यालयात तीन खेपा घातल्या. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आज मी अकोल्यात शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळे, हे मी कुठेही सांगेन.

पुस्तक वाचन, लेखन आणि विचारपूर्वक जगणं यावर होतं. त्याच्याबद्दलचे अभिप्राय माझ्यापर्यंत आधीच पोचले होते. अमरावतीच्या वाचक मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी लिहायचं. कोणी पहाटे उठून एक पान लिहायला लागलं होतं, कोणी घरातला टीव्ही बंद केला होता. आणि शेवटी बहुतेक सगळे एकाच पानावर यायचे. ‘सत्तेचाळिसावं पान वाचताना डोळे पाणावले,’ असं लिहायचे. मी आधी तेच काढलं.

आई मेथी निवडत बसली होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “मोठ्यानं वाच.”

सरांनी एका गँगमनच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. नाव नव्हतं, पण गाव होतं, वडिलांचं रुळांवरचं काम होतं, मुलगी आता अकोल्यात शिकवते हेही होतं. त्या घरात छापलेला शब्द कधी शिरला नव्हता, असं पुढचं वाक्य. त्यापुढे, ‘मी पहिल्यांदा तिच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा तिने ते उलटं धरलं.’

“कोनाचं घर हाय हे?” आईने विचारलं.

“आपलं.”

“आपल्या घरी पुस्तक नोयतं? मंग तुया बाबाच्या पेटीत काय ज्वारी होती?”

बाबांच्या लोखंडी पेटीत पुस्तकं होती, प्रत्येकाला खाकी कव्हर घातलेलं. पावसाळ्यात वर्षावासाच्या तीन महिन्यांत बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा आणि तो बाबा वाचायचे. कामावरून आले की हातपाय धुवून पांढरा सदरा घालायचे. शिक्षण चौथीपर्यंतचं. अडखळायचे, पण वाक्य अर्धवट सोडायचे नाहीत. एखाद्या बाईने अर्थ विचारला तर तेच पान पुन्हा वाचायचे. शाळेत जाण्याआधी मी तिथेच वाचायला शिकले, त्यांचं बोट ओळीखालून सरकताना बघत. सरांना हे ठाऊक होतं. ते एकदा घरी आले होते, पेटीतलं एक पुस्तक वाचायला घेऊन गेले होते. मास्तर आपल्याकडून पुस्तक नेतात, हे बाबा भेटेल त्याला सांगायचे.

“ते जाऊन चार वर्सं झाले,” आई म्हणाली. “आता ते सांगाले येत नाईत. तू सांग.”

महिन्याभरात मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली. सूत्रसंचालकांचा फोन आला. सत्तेचाळिसाव्या पानावरची विद्यार्थिनी प्रत्यक्ष आली तर कार्यक्रमाला रंगत येईल, म्हणाले. “तुम्ही फक्त दोन शब्द कृतज्ञतेचे बोला, ताई.” रविवारी सकाळी आईला घेऊन मी बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोने अमरावतीत त्या हॉलवर गेले.

सर व्यासपीठावर बसले होते. माझ्याआधी एक वकील बोलले. अशा अंधाऱ्या घरात सरांनी दिवा लावला, असं म्हणाले.

“अंधार?” आई माझ्या कानाशी म्हणाली. “लाइट होती न आपल्या क्वार्टरमंदी. याले कोनं सांगतलं?”

माझी पाळी आली. फॉर्मचे, त्या तीन खेपांचे आभार मी मनापासून मानले. मग म्हणाले, “पण सत्तेचाळिसावं पान खरं नाही. आमच्या घरात पेटीभर पुस्तकं होती. माझे वडील वाचायचे आणि दुसऱ्यांना वाचून दाखवायचे. सर, पुढच्या आवृत्तीत एवढं एक वाक्य घाला.”

सूत्रसंचालक लगबगीने माइककडे आले. “ताई जरा भावनेच्या भरात...” सरांनी त्यांना हाताने थांबवलं. ते चिडले नव्हते. वर्गात चुकीचं उत्तर आलं की ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात बोलले.

“पेटी मला आठवते. पण पेटी लिहिली असती तर त्या पानात वाचकाला हलवणारं काय उरलं असतं? आणि बाळ, ते वाक्य माझं नाही. दहावीच्या सत्काराला तूच बोलली होतीस. आमच्या घरात छापलेला शब्द नव्हता, असं. मी फक्त उतरवून घेतलं.”

टाळ्या झाल्या. मागून एक बाई म्हणाल्या, “शिकवून हेच का मिळवायचं माणसानं.”

सर खरं बोलत होते. ते भाषण त्यांनी लिहून दिलं होतं आणि मी शाळेत पाठ केलं होतं. पाठ करताना त्या ओळीपाशी मी तेव्हाही अडले होते. पण सरांनी लिहिलंय म्हटल्यावर भाषणात असंच म्हणायचं असतं, असं मला वाटलं. त्या सत्काराला शेवटच्या रांगेत बाबा बसले होते, पांढरा सदरा घालून. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लिहून तुम्ही दिलं होतं, असं मी सरांना म्हणू शकले असते. पण म्हटलं मी होतं. मी खाली येऊन बसले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडलं. मग आई म्हणाली, “मले आठोते थो दिवस. तुये बाबा घरी येऊन म्हने, पोरीनं मस्त पाठ केलं, कुठी अडकली नाई. अन् त्या दिशी विहारात वाचाले नाई गेले. पाय दुखून राहिले म्हने.”

घरी आल्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर माझा अभिप्राय लिहिला. त्या पानावरची मुलगी मी आहे. घरात पुस्तकं नव्हती हे पहिल्यांदा मीच म्हटलं, टाळ्या मिळाव्यात म्हणून, आणि ते खोटं होतं. पुस्तक उलटं धरलं हे मात्र सरांनी रचलं. या ग्रुपवर फक्त पुस्तकाविषयी बोलावं, असं कोणीतरी सुचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. सरांना मी तेच सविस्तर पत्रात लिहिलं. उत्तर आलं नाही.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. ती मी अकोल्यातल्या दुकानातून आणली आणि सत्तेचाळिसावं पान आईला वाचून दाखवलं. उलट्या पुस्तकाचं वाक्य गेलं होतं. पेटी नव्हती, बाबाही नव्हते. छापलेल्या शब्दाचं वाक्य होतं तिथेच होतं. फक्त आता ते अवतरणचिन्हांत होतं आणि त्याच्याआधी सरांनी तीन शब्द घातले होते. ती स्वतः सांगते.